शेवटच्या टाकीचा मान

निंबेगावच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात शांतवन भिंगारदिवे यांचे पद 'अर्धवेळ पाणीपुरवठा कर्मचारी' असे नोंदलेले आहे. यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ एकतीस वर्षांत कोणाला उलगडलेला नाही, कारण उरलेल्या अर्ध्या वेळात शांतवन काय करतात हे पाहण्याचा योग गावाला कधी आलाच नाही. सकाळी साडेपाचला ते टाकीखाली असतात, सातला बाजारतळावर, नऊला शाळेमागे आणि त्यानंतर ज्या गल्लीला पाणी कमी आले त्या गल्लीत, तिथल्या लोकांचे म्हणणे ऐकून घेत. ऐकून घेणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग आहे आणि त्यात ते निष्णात आहेत.

हे निष्णातपण माणसांपुरते मर्यादित नाही. त्यांच्या हातात छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी असते. वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. रस्त्याखाली गाडलेले वॉल, म्हणजे नळाच्या झडपा, या चावीने फिरवायचे असतात. पण फिरवण्याआधी शांतवन चावी वॉलवर टेकवतात, वाकतात आणि मुठीला कान लावतात. आतून पाणी वाहत असेल तर लोखंड घुमते, हवा असेल तर फुसफुसते आणि काहीच नसेल तर, त्यांच्या शब्दांत, 'लोखंड झोपलेलं असतं'. शाळेला निघालेली मुले त्यांना असे वाकलेले पाहून विचारतात, "काका, कुनाचा फोन हाय?"

"वरनं आलाय," शांतवन सांगतात, "येतोच म्हनतंय."

गावाच्या जुन्या विहिरीच्या काठावर त्यांच्या आजोबांना पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घेतला, मिशनच्या शाळेत दोन पुस्तके शिकून झाली, तरी काठ तिथेच राहिला. हे सांगताना शांतवन आवाज चढवत नाहीत. "आजोबा खाली घागर घेऊन उभं ऱ्हायचं, कुनीतरी वरनं वतायचं," ते म्हणतात. "आता मी वरनं वततो अन् गाव खाली उभं हाय. वतताना कुनाचं तोंड बघायचं न्हाई, एवढंच ध्यानात ठिवलंय." सामाजिक न्यायावर जाड ग्रंथ लिहिणाऱ्यांना जे वाक्य शेवटच्या प्रकरणात सापडते, ते या गृहस्थांना टाकीखाली उभे राहून सापडले होते, आणि ते रोज साडेपाच वाजता अमलात आणावे लागत होते.

तीन वर्षांपूर्वी निंबेगावसह सहा गावे आणि एक वस्ती यांच्यासाठी मिळून एकच पाणीयोजना मंजूर झाली. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलायचे, शुद्ध करायचे, निंबेगावामागच्या टेकडीवरील मोठ्या टाकीत चढवायचे आणि तिथून चौदा किलोमीटरच्या नळाने, उताराच्या जोरावर, गावोगाव पोचवायचे. कागदावर योजना देखणी होती. तिची अडचण एकच होती, आणि ती शेवटच्या टोकाला होती. तिथे धारमाळ नावाची वस्ती होती. साठ उंबऱ्यांची ही वस्ती मुख्य टाकीपेक्षा खाली असली तरी वाटेतल्या सगळ्या गावांपेक्षा उंचावर होती. पाण्याला तिच्यापर्यंत जाताना आधी उतरावे आणि मग पुन्हा चढावे लागणार होते. पाणी असे चढते, पण त्यासाठी मागून भरपूर रेटा असावा लागतो. माणसांच्या चढण्याचेही बहुधा तसेच असते.

धारमाळची टाकी कुठे बांधायची याविषयी वाद नव्हता. वस्तीतली सर्वांत उंच दोन गुंठे जागा चांगुणाबाई बडे यांच्या घरामागे होती. वाद चांगुणाबाईंचाच होता. पासष्टीच्या या बाईंनी आयुष्यातले अठ्ठावीस हंगाम कोपरगावच्या बाजूला ऊस तोडण्यात घालवले होते, आणि सरकारी माणसांना चहा पाजून नकार देण्याची त्यांची एक पद्धत होती. दोनदा जीप आली, दोनदा चहा झाला, दोनदा जीप गेली. तिसऱ्या खेपेला योजनेच्या कनिष्ठ अभियंता राजनंदिनी ढाकणे यांनी शांतवन यांना बरोबर घेतले. सव्वीस वर्षांच्या राजनंदिनींना योजनेचे गणित तोंडपाठ होते आणि माणसांपुढे ते कसे मांडावे याचा अनुभव नव्हता. एवढे ओळखण्याइतकी बुद्धी मात्र होती.

"पानी यील का, तेवढं सांगा," चांगुणाबाई चहाची कपबशी पुढे करत म्हणाल्या.

राजनंदिनींनी नकाशा उलगडला. "आजी, मुख्य टाकी तुमच्या टाकीपेक्षा अठरा मीटर उंच आहे. गणिताप्रमाणे पाणी इथे पोचलंच पाहिजे."

"बाई, तुजं गणित खरं असंल. पर माज्या दारात आधीची तीन गणितं पडून हायेत." त्यांनी बोट केले. एक गंजलेला हातपंप होता, कधीच न भरलेली सिमेंटची टाकी होती आणि नळ नसलेला नळाचा कट्टा होता. त्या कट्ट्यावर आता शेळी बसली होती. मग त्या शांतवन यांच्याकडे वळल्या. "ह्यो कोन? ह्याला बोलू दे. ह्याच्या हाताला गंज हाय."

शांतवन यांच्यापुढे ऐकायला वॉल नव्हता, नळ नव्हता, लोखंडच नव्हते. त्यांनी दूरच्या टेकडीकडे पाहिले, मधल्या उताराकडे पाहिले. "यील," ते म्हणाले.

"अन् न्हाई आलं तर? योजना झाली की टँकर बंद व्हनार, असं लिवलंय म्हनं. जागा बी गेली, टँकर बी गेला. मग आमी काय वारा प्यावा?"

"यील, चांगुणाबाई. मी आनतो."

चांगुणाबाईंनी कपबशा गोळा केल्या. "कोपरगावला उसाला पानी बघितलंय आमी," मग त्या म्हणाल्या. "रातंदिस चालू. उसाला जमतं तर मानसाला का जमत न्हाई, हे कुनी सांगितलं न्हाई आमाला." आणि सही करायला त्यांनी जागेचा कागद मागून घेतला.

परतताना जीपमध्ये राजनंदिनींना राहवले नाही. "काका, तुम्ही 'मी आणतो' म्हणालात. योजना शासनाची आहे."

"व्हय की मॅडम. पर शासनाला त्या बाई वळखत न्हाईत."

त्या दिवसापासून धारमाळच्या पाण्याला जामीन राहिला तो निंबेगावचा एक अर्धवेळ कर्मचारी. पुढच्या दोन वर्षांत चर खणले गेले, नळ जोडले गेले, चांगुणाबाईंच्या घरामागे टाकी उभी राहिली. आणि चाचणीची अट कळली. योजना ताब्यात घेण्यापूर्वी तीन दिवस ती चालवून पाहायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्या टाकीत पाणी पडेल ती टाकी योजनेत. जिच्यात पडणार नाही तिचा विचार 'दुसऱ्या टप्प्यात'. आपल्याकडे दुसरा टप्पा म्हणजे काय, हे धारमाळच्या शेळीलाही ठाऊक होते. टँकर मात्र पहिल्याच टप्प्यात बंद होणार होता.

चाचणी एप्रिलमध्ये सुरू झाली, ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यानंतर. शांतवन यांचे म्हणणे असे होते की वाटेतल्या सहाही गावांचे वॉल मिटून ठेवावेत, नळातला सगळा रेटा शेवटाकडे जाऊ द्यावा, धारमाळची टाकी भरावी आणि मग एकेक गाव मागे येत उघडावे. तांत्रिकदृष्ट्या यात चूक नव्हती. पण पहिल्या पाण्याला मान असतो, आणि मान आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही. निंबेगावचे सरपंच वैजनाथआप्पा यांनी पंचांग पाहून दहा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त काढला. तो बाकीच्या पाच सरपंचांनाही त्याच पंचांगात सापडला. प्रत्येक गावाचा वॉल ग्रामपंचायतीसमोरच्या चेंबरमध्ये होता आणि प्रत्येक चेंबरला सरपंचांनी आपापले कुलूप लावले होते.

"आप्पा, नारळ सहा फोडा," शांतवन यांनी विनवले, "पर वॉल आज एकबी उघडू नका."

"वॉल न उघडता फोडलेला नारळ म्हंजे नुसती चटणी, शांतवन," आप्पा म्हणाले.

दहा वाजून वीस मिनिटांनी सहा नारळ फुटले, सहा वॉल उघडले आणि सहा गावांत नळाला पाणी आले. लोक आनंदले, आणि तो आनंद खोटा नव्हता. कित्येक म्हाताऱ्यांनी घरच्या नळाचे पाणी त्या दिवशी प्रथमच ओंजळीत घेतले. धारमाळला मात्र टाकीच्या तोंडातून दुपारभर हवा फुसफुसत राहिली. साठ घरांतली माणसे टाकीभोवती बसून ती ऐकत होती.

"आली बगा हवा," दिवस कलताना चांगुणाबाई शांतवन यांना म्हणाल्या. "तुमी शबुद पाळला. पर हवा आमच्याकडं आधीचीच लई हुती."

दुसऱ्या दिवशी राजनंदिनींनी गणित पुन्हा तपासले. सहा गावांच्या टाक्या रात्रीत भरायला हव्या होत्या. त्या भरल्या की त्यांचे पाणी घेणे आपोआप थांबणार होते आणि रेटा पुढे सरकणार होता. प्रत्यक्षात एकाही टाकीत पाणी अर्ध्यावर चढले नव्हते. याचा अर्थ नळ कुठेतरी फुटला असावा. ठेकेदाराच्या माणसांनी वाटेतल्या बोरसर गावाजवळ दोन ठिकाणी खणले आणि दोन्ही ठिकाणी खडखडीत कोरडी माती निघाली. शांतवन एकेका गावात चावी टेकवून कान लावत फिरत होते. ऐकू येत होते ते विचित्र होते. टाकीतून गावात जाणारा नळ दुपारच्या उन्हातही, जेव्हा कोणी पाणी भरत नसते तेव्हाही, अखंड घुमत होता. सहाही गावांत हेच. फुटलेला नळ एका जागी घुमतो. इथे सगळीकडे पाणी वाहत होते आणि वाहत कुठे जात होते ते दिसत नव्हते.

दोन वाजता ते जेवायला घरी गेले. त्यांचे घर निंबेगावात, चर्चच्या मागच्या आळीत. अंगणातल्या नव्या नळाखाली बादली भरून वाहत होती, ते पाणी जास्वंदीच्या अळ्यात जात होते आणि अळे भरून गटारीत.

"मरिया, तोटी कुठंय?" त्यांनी बायकोला हाक मारली.

"पेटीत."

"पेटीत कशापायी?"

मरियाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि त्यांच्या उत्तरांना कारणे जोडलेली असत. "नवी कोरी पितळी हाय. भाईर ठिवली तर आठ दिवस तरी ऱ्हाईल का? अन् तोटी लावून ठिवली, पानी आलं अन् मला कळलंच न्हाई, मग? बादलीत पडल्याचा आवाज आला म्हंजे कळतं."

"सगळ्यांनीच काढल्यात?"

"श्यान्या मानसानं कोन भाईर ठिवील?"

पेटी उघडून पाहिली. लग्नातली साडी, मुलगी जास्मिन हिचे नर्सिंगचे प्रमाणपत्र आणि त्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, योजनेतून घरोघर दिलेली पितळी तोटी. शांतवन तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. एकतीस वर्षे त्यांनी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या दिवशी, कधी सहाला, कधी नऊला पाणी सोडले होते. एकतीस वर्षे निंबेगावच्या गल्ल्यांतले सगळे सार्वजनिक नळ उघडे होते, कारण ज्या गावात पाणी कधी येईल याचा भरवसा नाही तिथे उघडा नळ हेच घड्याळ असते. ही सवय त्यांनीच, वॉल फिरवता फिरवता, गावाला लावली होती; बाकीच्या गावांना ती त्यांच्यासारख्यांनीच लावली होती. आणि आता सहा गावांतल्या अकराशे घरांनी, प्रत्येकाने अगदी शहाणपणाने, आपली तोटी पेटीत, कपाटात, काहींनी देव्हाऱ्यातही जपून ठेवली होती. या अकराशे शहाणपणांची बेरीज चौदा किलोमीटरवर एका कोरड्या टाकीत होत होती. सार्वजनिक व्यवस्थेवरचा अविश्वास हा असा असतो. तो कोणाच्याही मनात वाईट हेतू ठेवल्याशिवाय कोणाला तरी तहानलेले ठेवतो.

मरियाबाईंनी तोटी लावली. मग पदर खोचून शेजारच्या घरी गेल्या, आणि बचत गटाच्या बायकांना गोळा करून त्यांनी संध्याकाळपर्यंत आळीतल्या चौदा घरांच्या तोट्या बाहेर काढायला लावल्या. अकराशेपैकी चौदा.

"सगळ्या गावांतल्या तोट्या लागायला किती दिवस?" राजनंदिनींनी विचारले.

"सहा महिने. अन् वॉल मिटायला सहा मिनिटं," शांतवन म्हणाले. "चला, आप्पांकडं जाऊ."

वैजनाथआप्पा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. उंच, गोरे, पांढरी टोपी. माणूस दुष्ट नव्हता, फक्त आपल्या गावाचे भले आणि आपला मान यांतली सीमारेषा त्यांना कधी कोणी दाखवली नव्हती.

"शांतवन, तू निंबेगावचा का धारमाळचा?" सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले.

"निंबेगावचा. म्हनून तर पयले तुमच्याकडं आलो."

"काल गावाला पानी आलं. आज मी म्हनू, बंद करा? लोक मला नळाला बांधून ठिवतील."

"बांधायला तोटी कुठंय, आप्पा? नुसता नळ हाय. दोरी सटकती."

आप्पांना हसू आले, पण कुलूप हलले नाही. राजनंदिनी पुढे झाल्या. "आप्पा, चाचणीच्या काळात वॉल नियमाने आमच्या ताब्यात असतात."

"वॉल तुमच्या ताब्यात, मॅडम. कुलूप माज्या."

शांतवन पायरीवर बसले. घाई नसलेल्या माणसासारखे त्यांनी विचारले, "आप्पा, काल पयलं पानी कुनाला आलं?"

"आमाला. मोठी टाकी आमच्या डोक्यावर हाय."

"बोरसरवाले म्हनत्यात, त्यांना. करंजवणनं तर व्हिडिओच टाकलाय, टायमासकट."

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. "टायम बदलता येतो त्यात."

"येत असंल. पर नारळ सहा जागी फुटले की पयला कुनाचा, ह्यावर पुढं पन्नास वर्सं भांडनं. भरलेली टाकी मातर एकबी न्हाई. उद्या भरंल ती पयली टाकी. तिथं नारळ फोडील त्याचं नाव कुनाला पुसता यायचं न्हाई. पेपरवाले बी तिथंच येनार."

"कोन म्हनलं?"

"मॅडमनी बोलावल्यात."

"हो," राजनंदिनी म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत हा विचार त्यांच्या मनात आलेला नव्हता. ओट्यावरून उतरताच त्यांनी पाथर्डीच्या दोन वार्ताहरांना फोन लावला आणि मागाहून का होईना, शांतवन यांचे वाक्य खरे केले.

सार्वजनिक हितासाठी खाजगी अहंकाराचा असा उपयोग करावा का, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे आणि त्याचे सरळ उत्तर नाही. शांतवन यांनी त्यावर विचार केला होता आणि 'उद्या संध्याकाळपर्यंत करावा' अशा निष्कर्षाला ते आले होते. आप्पांनी कुलपाची किल्ली दिली. दिवेलागणीपर्यंत ही बातमी बोरसरला पोचली, तिथून करंजवणला, तिथून पुढे. धारमाळच्या टाकीवर एकटे आप्पा उभे राहणार हे कोणालाच सोसवेना. बाकीच्या पाच किल्ल्या न मागता आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता शांतवन आणि ठेकेदाराच्या माणसांनी सहाही वॉल मिटले. नऊ वाजता सहा सरपंच आणि सहा नारळ धारमाळच्या माळावर हजर झाले. दोन वार्ताहरांपैकी एक आला. सावलीला एकच लिंबाचे झाड होते आणि त्याखाली आधीपासून वस्तीतली माणसे बसली होती. त्यांनी सरकून जागा करून दिली. शांतवन टाकीच्या तोंडाशी, वॉलवर चावी टेकवून, वाकलेले.

"काय म्हनतंय?" दर दहा मिनिटांनी आप्पा विचारत.

"झोपलंय अजून."

साडेदहाला उन्हात टोप्या घामाने ओल्या झाल्या. चांगुणाबाईंनी घरातून घागर आणि दोन पेले आणले. "प्या," त्या आप्पांना म्हणाल्या. "पर मोजून प्या. परवाच्या टँकरचं हाय अन् पुढचा टँकर येनार का न्हाई ते तुमच्यावर हाय."

आप्पांनी पहिला पेला एका घोटात संपवला होता. दुसऱ्यासाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला आणि पेला शेजारच्याकडे दिला. साठ वर्षांच्या आयुष्यात घोट मोजण्याचा प्रसंग त्यांच्यावर बहुधा प्रथमच आला होता. त्यानंतर काय म्हणतंय हे त्यांनी विचारले नाही.

अकराच्या सुमारास लोखंड फुसफुसू लागले. हवा पुढे ढकलली जात होती, म्हणजे मागून पाणी येत होते. माणसे उठून उभी राहिली. फुसफुस वाढली, टाकीच्या तोंडातून धूळ उडाली आणि बाराला अचानक सगळे थांबले. ना हवा, ना पाणी. दोन सरपंचांनी मोटारसायकली सुरू केल्या. चांगुणाबाई शांतवन यांच्याकडे पाहत होत्या.

शांतवन यांनी कान काढला नाही. लोखंड झोपलेले नव्हते. ते दबलेले होते. "मॅडम," ते हळू म्हणाले, "खिळदवाडीच्या चढावर हवा अडकली. तिथला हवेचा वॉल आपसूक उघडायला पायजे, त्यो अडकला असनार. नवा हाय, रंग लावलाय जाड. मी जातो."

"कोणाला तरी पाठवू की. तुम्ही इथे थांबा. पाणी आणतो असं तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

"म्हनूनच जातो."

ठेकेदाराच्या माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून, चावी आडवी धरून, ते तीन किलोमीटर खाली गेले. हवेच्या वॉलवर खरोखरच हिरव्या रंगाचा थर बसला होता. पान्ह्याच्या दोन ठोक्यांनी तो सुटला, आणि आतली हवा इतक्या जोराने बाहेर आली की मोटारसायकलवाला चार पावले मागे पळाला. बराच वेळ हवाच येत राहिली. मग थुंकी आल्यासारखे थोडे तांबडे पाणी, आणि वॉल आपला आपण मिटला. शांतवन रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले, चावी नळावर टेकवली आणि मुठीला कान लावला. लोखंड घुमत होते. पाणी त्यांच्याखालून चढाकडे निघाले होते.

ते तिथेच बसून राहिले. वीस मिनिटांनी खिशातला मोबाईल वाजला.

"काका, आलं!" राजनंदिनी ओरडून सांगत होत्या, मागे गलका होता. "टाकीत पडतंय!"

"म्हाईत हाय, मॅडम. हितनंच गेलंय."

माळावर काय घडले ते त्यांना नंतर कळले. पाणी येताच सहा नारळ इतके एकाच वेळी फुटले की पहिला कोणाचा हे वार्ताहरालाही ठरवता आले नाही, आणि त्याने बातमीत सहाही नावे, मुळाक्षरांच्या क्रमाने, छापली. चांगुणाबाईंनी टाकीच्या शिडीशी उभे राहून सगळ्यांना दम भरला, "खोबरं टाकीत टाकू नका, प्यायचं पानी हाय." मग एक ओंजळ घेऊन चव पाहिली आणि औषधाचा वास येतो म्हणाल्या. संध्याकाळच्या अहवालात धारमाळची टाकी 'भरली' या रकान्यात गेली.

एका दिवसाच्या चाचणीत जे जमले ते रोज जमवायचे तर नियम हवा होता. तो करण्यासाठी सहा गावांची समिती बसली, आणि 'आधी शेवट, मग बाकीचे' हा क्रम सुचवला तो वैजनाथआप्पांनी. या सूचनेने सर्वांत अधिक चकित झाले ते स्वतः आप्पाच असावेत. सकाळी सहाला धारमाळची टाकी भरायला घ्यायची, ती भरली की खिळदवाडी, मग करंजवण, असे मागे येत येत सर्वांत शेवटी, साडेदहा-अकराच्या सुमारास, निंबेगाव. जोपर्यंत सगळ्या घरांना तोट्या लागत नाहीत तोपर्यंत हाच क्रम, असे ठरले. तोट्या अजून लागताहेत.

शांतवन यांचे पद बदललेले नाही. फक्त आता ते सकाळी सहाला धारमाळच्या रस्त्यावर असतात आणि निंबेगावात अकराला पोचतात.

"शबुद तुमी दिला," मरियाबाई त्यांना म्हणाल्या, "अन् वाट मी बघते. पयलं चौथ्या दिवशी का हुईना, पर सकाळी यायचं."

"रोज येतंय की आता."

"रोज अकराला. मी अंगणवाडीत असते अकराला. पाण्याला सांगा, मदतनीस बाईंची सुट्टी एकला व्हती."

शांतवन यांनी चावी भिंतीला टेकवून ठेवली. वतताना कोणाचे तोंड पाहायचे नाही, यात बायकोचे तोंडही येते, हे त्यांनी नियम करताना लक्षात घेतले नव्हते. आणि लक्षात आल्यावर नियम बदलला नाही.

एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, अंगणवाडीला सुट्टी होती. मरियाबाई दारात घागरी मांडून बसल्या होत्या. बाजाराला निघालेल्या चांगुणाबाई पत्ता विचारत आळीत आल्या. हातात पिशवी, पिशवीत माळावरच्या शेवग्याच्या शेंगा.

"शांतवनभाऊ हायेत का?"

"ते तुमच्याकडंच असतील, नळाच्या मागं. तुमी चांगुणाबाई ना?"

"व्हय." त्यांनी घागरींकडे पाहिले. "तुमच्याकडं अजून आलं न्हाई?"

"न्हाई. तुमचं भरून झालं असंल."

"आमचं सकाळीच झालं," चांगुणाबाई म्हणाल्या. मग शेंगांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि मरियाबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"बाजार उठंल तुमचा," मरियाबाई म्हणाल्या.

"उठू दे. वाट बघायची मला सवं हाय. एकटीनं बघितली की लई लांब वाटती."

मग बोलणे निघाले. कोपरगावच्या ऊसतोडीच्या थळातल्या पाचटाच्या कोप्यांचे, जास्मिनच्या दवाखान्यातल्या ड्युटीचे, नातवाच्या न टिकणाऱ्या चपलांचे. नळाने एकदा खाकरल्यासारखे केले आणि अंगणात पाणी सुटले. मरियाबाईंनी उठून घागर लावली आणि चांगुणाबाईंचे चपलांचे प्रकरण पुढे ऐकायला परत येऊन बसल्या.